स्पितीतली गाडी आणि घरगुती मुक्काम : एका एसटीवाल्याचा अभिप्राय

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातलं मुख्य गाव काझा, तिथल्या दोन भावांकडून गाडी, ड्रायव्हर आणि गावोगावचे मुक्काम असं सगळं एकत्र घेतलं होतं, त्याबद्दल लिहितोय. निकाल आधीच सांगतो : काम चांगलं, पाचात चार. एक गुण कुठे कापला ते पुढे येईलच. त्यांचं नाव आणि नंबर इथे टाकत नाही. अशी बरीच मंडळी काझाच्या टॅक्सी स्टँडवर भेटतील, आणि ज्या गोष्टींसाठी मी गुण दिलेत त्या कुणाकडेही मागून घेता येतात.

माझी सगळी नोकरी एसटीत गेली. आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक. त्यामुळे गाडीत बसायच्या आधी टायर बघतो, आणि कार्यक्रमपत्रिका हातात आली की देवळांच्या आधी मुक्कामांच्या वेळा वाचतो. बरोबर बायको, साडू आणि मेव्हणी. चौघंही साठीच्या अलीकडे-पलीकडे. साडूंना शुगर, बायकोचे गुडघे.

मोठ्या शहरांतल्या टूरवाल्यांनी पाठवलेल्या कागदांत जवळपास सगळीकडे एकच क्रम होता : सकाळी मनाली सोडायची, संध्याकाळी काझा. मनाली दोन हजार मीटरवर. वाटेत कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर. रात्री डोकं टेकायचं ते ३,६०० च्या पुढे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, तेही आपण सावकाश चढतो. साठीच्या माणसाला एका दिवसात हे करायला लावणारं टाइमटेबल ज्याने आखलं, त्याने कधी स्वतः फेरी मारली नसावी.

काझाच्या भावांनी फोनवर आधी वयं विचारली, मग बीपी-शुगर. पैशांचं सगळ्यात शेवटी. त्यातला थोरला म्हणाला, "अंकलजी, किन्नौर की तरफ़ से आओ. ऊपर देखो, नीचे सोओ." शिमल्याहून सतलजच्या कडेने कल्पा, मग नाको, ताबो, पिन खोरं, काझा, लांगझा सगळ्यात शेवटी, आणि परत जाताना कुंझुमवरून मनाली. नाको ३,६०० मीटरच्या वर, पण पुढचा मुक्काम ताबो पुन्हा ३,२८०. चढाव-उतार असा बसवलेला होता की शरीराला एक दिवस दम लागला तर दुसऱ्या दिवशी सैल मिळावं. मला तिथेच कळलं, यांना शेड्यूल लावता येतं. मी पैसे गाडीचे कमी आणि या क्रमाचे जास्त दिले असं धरतो.

शिमला ते रिकाँग पिओ आम्ही हिमाचलच्या सरकारी बसने गेलो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे एवढंच सांगतो की त्या ड्रायव्हरला मी खाली उतरून हात जोडले. पिओला भावांची सुमो उभी होती. जुनी, पण चारही टायर नवे, दोन स्टेपन्या, जॅक, दोर, फावडं. ड्रायव्हर तिशीतला, पिन खोऱ्यातला मुलगा. रोज सकाळी आम्ही चहा पीत असताना बॉनेट उघडून पाणी-ऑइल बघायचा आणि चाकांचे नट पान्याने तपासायचा. उतारावर कधी न्यूट्रल नाही, सगळं दुसऱ्या गिअरवर. आमच्याकडे घाटात गाडी न्यूट्रल केली की मेमो मिळायचा, तरी करणारे करायचेच. हा कुणी बघत नसतानाही करत नव्हता. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा त्याचा दुसरा नियम.

कल्प्याला पहाटे किन्नर कैलास आणि शेजारचं जोरकंदेन (६,४७३ मीटर) समोर दिसतं. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून पुढे जातो.

खरा रस्ता पूहच्या पुढे सुरू होतो. बॉर्डर रोड्सच्या दीपक प्रकल्पाची माणसं जागोजागी दिसतात, काही ठिकाणी कडाच कोरून त्याच्या पोटातून रस्ता काढलाय. खाबला तिबेटातून येणारी सतलज आणि स्पिती नदी यांचा संगम आहे. पूल ओलांडला की नाकोपर्यंत वळणांवर वळणं, आणि डोक्यावर हिमाचलातलं सर्वांत उंच शिखर, रिओ पुर्ग्यिल, ६,८१६ मीटर. नाकोच्या पुढे मलिंग नाला म्हणून बदनाम जागा आहे. वरून दगड येतात, पाणी रस्त्यावरून जातं. ड्रायव्हरने आदल्या रात्रीच सांगितलं, सकाळी सातला निघायचं. मेव्हणीला नाकोच्या तळ्याकाठी निवांत बसायचं होतं, ती कुरकुरली. पण कारण चोख होतं : दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं, सकाळी ते कमी असतं. पुढे सगळ्या प्रवासात निघायच्या वेळा अशाच कुठल्या ना कुठल्या नाल्यावरून ठरल्या.

ताबोच्या आधी ग्यूला वळलो. १९७५ च्या जानेवारीत किन्नौरला मोठा भूकंप झाला, त्यात इथली एक जुनी समाधी उघडी पडली आणि आत बसलेल्या स्थितीतला भिक्षू सापडला. काचेच्या पेटीत ठेवलाय. दात आणि केस अजून दिसतात. गाड्या येतात, लोक पाच मिनिटं बघतात, सेल्फी घेतात, जातात. आमचा ड्रायव्हर आत जाताना टोपी काढून हातात धरायचा, ते बघून साडूंनीही मोबाईल खिशात टाकला.

ताबोबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथे या सेवेने मला सगळ्यात जास्त दिलं. बाहेरून काहीच नाही. मातीच्या बुटक्या भिंती, सपाट छपरं, शेजारी सफरचंदाच्या बागा. कार्यक्रमपत्रिकेत बहुतेक टूरवाले याला 'अर्धा तास' देतात. आम्हाला संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ अशा दोन वेळा मिळाल्या. हा मठ इसवी सन ९९६ मधला. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याच्या काळात बांधला, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी त्याच घराण्यातल्या जांगचुब-ओने दुरुस्त केला. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा या भिंती तीनशे वर्षांच्या होत्या. आत फोटो बंद, आणि ते फार बरं आहे. मुख्य मंदिरात अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो. मग भिंतीवर, डोक्याच्या वरच्या उंचीला, एकेक मूर्ती अंधारातून पुढे येते. मातीच्या, माणसाएवढ्या, बत्तीस. मधोमध वैरोचन बुद्ध, चार दिशांना चार तोंडं. तुम्ही खोलीत उभे नसता, मंडलाच्या, म्हणजे बौद्धांच्या विश्वाच्या आकृतीच्या, आत उभे असता. हे मला तिथल्या एका भिक्षूने हिंदीत समजावलं. खाली भिंतभर चित्रं, त्यात व्यापारी, घोडे, कपड्यांवरची नक्षी. काश्मीरकडचे चित्रकार इथवर आले होते म्हणतात, आणि कपडे बघून ते पटतं.

पहिल्या वेळेला मी नुसता 'किती जुनं' म्हणत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी यायच्या आधी गेलो तेव्हा खरं पाहिलं. दोनदा पाठवायची ही कल्पना ड्रायव्हरची. त्याच्या एका शब्दाने संध्याकाळी बंद झालेलं दार उघडलं असं काही झालं नाही, हेही सांगतो. तसा रुबाब तो करत नाही. १९८३ आणि १९९६ साली दलाई लामांनी इथे कालचक्र दीक्षेचा सोहळा केला तेव्हा आजीच्या पाठुंगळीवर कोण होतं, कुणाचे काका चालत आले होते, एवढ्या गोष्टी मात्र त्याच्याकडे भरपूर.

धनकरचा मठ एका झिजत चाललेल्या सुळक्यावर आहे, खाली स्पिती आणि पिनचा संगम. २००६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या शंभर वास्तूंत याचं नाव घातलं होतं, आणि जागा बघितली की कारण विचारावं लागत नाही. बायकोच्या गुडघ्यांना त्या शिड्या जमणार नाहीत हे ड्रायव्हरने खालूनच ओळखलं. तिला गावातल्या एका घरात चहाला बसवलं आणि आम्हाला वर पाठवलं. आम्ही परत आलो तेव्हा तिचा घरातल्या आजींनी दिलेला छरम्याचा (सी-बकथॉर्न नावाच्या आंबट फळाचा) रस पिऊन झाला होता आणि तिने आपल्या पिशवीतली लसणाची चटणी अर्धी देऊन टाकली होती.

आता मुक्काम. बाकी सगळं ठीक, पण लोक खरं विचारतात ते संडास-बाथरूमचं. गावांतल्या घरांत बहुतेक ठिकाणी कोरडा संडास असतो : मातीच्या खोलीत फळीला भोक, कोपऱ्यात माती-राखेचा ढीग आणि फावडं. झालं की दोन फावडी टाकायची. वास येत नाही, खोटं सांगत नाही. हिवाळ्यात नळच गोठतात तिथे फ्लश काय करणार, आणि वर्षाअखेर तेच खत वाटाण्याच्या शेतात जातं. काही घरांनी पाहुण्यांसाठी कमोड बसवलेत, आधी विचारून घ्या. आंघोळीला बादलीभर गरम पाणी सांगितलं की मिळतं, रोज मागू नका. पाणी वरून पाइपने किंवा पाठीवरून आलेलं असतं.

जेवण घरचं आणि एकसारखं. डाळ, भात, भाजी, थुकपा (नूडल्सचं सूप), मोमो, सकाळी जाड रोट्या आणि लोणी. इथल्या काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन साडू म्हणाले, यात आपला गोडा मसाला पडला तर. मिठाचा लोण्याचा चहा मला आवडला, बाकी तिघांना नाही. माणशी हजार-दीड हजारात राहणं आणि दोन्ही वेळचं जेवण पडलं. ते पैसे घरातल्या बाईच्या हातात जात होते, भावांच्या नाही. हे मी मुद्दाम बघितलं.

सगळ्यात चांगला मुक्काम पिन खोऱ्यात, मुद गावी. रस्ता तिथे संपतो. पुढे पायवाटाच : एक पिन-पार्वती खिंडीवरून, ५,३१९ मीटर, कुल्लूच्या पार्वती खोऱ्यात, दुसरी भाबा खिंडीवरून किन्नौरात. आमच्याच घरात भाब्याहून उतरलेली चार तरुण मुलं चुलीभोवती मोजे वाळवत बसली होती. त्यांच्यात एक नाशिकचा निघाला आणि मग काय, घरातल्या आजीसुद्धा 'बस, बस' म्हणत आमच्या मराठीच्या नकला करायला लागल्या. वाटेत कुंगरीचा मठ आहे, तिबेटी बौद्धांतल्या निंग्मा पंथाचा, स्पितीतल्या बाकीच्या मोठ्या मठांपेक्षा वेगळ्या परंपरेचा. ड्रायव्हरचं घराणं त्या मठाशी बांधलेलं, त्यामुळे इथे त्याने गाइडगिरी सोडून नुसतं दर्शन घेतलं. आम्हाला काही समजावलं नाही. मला ते चाललं, मेव्हणीला नाही. ती म्हणाली, पैसे घेतोय तर सांगायला हवं.

काझ्याच्या पुढचा भाग फोटोंमुळे सगळ्यांना पाठ आहे : की, किब्बर, चिचम, हिक्किम, कोमिक, लांगझा. बहुतेक गाड्या हे सगळं एका दिवसात उरकतात. भावांच्या मूळ कार्यक्रमातही तसंच होतं आणि ते मी भांडून दोन भागांत करून घेतलं. की गोंपा ४,१६६ मीटरवर, स्पितीतला सर्वांत मोठा मठ, भूकंपाने आणि १८४१ च्या सुमाराला जम्मूच्या डोग्र्यांच्या हल्ल्याने मोडला आणि पुन्हा उभा राहिला. स्वयंपाकघरात एका लहान भिक्षूने आम्हाला काळा चहा दिला. चिचमचा पूल २०१७ पासून वापरात आहे. त्याआधी दोन्ही कड्यांमध्ये दोरावरची पेटी होती, माणसं तिच्यात बसून हाताने दोर ओढत पलीकडे जायची. पुलावरून खाली बघा आणि मग त्या पेटीचा विचार करा. हिक्किमचं पोस्ट ऑफिस १९८३ पासून चालू आहे. तिथून डेपोतल्या जुन्या मित्रांना कार्ड टाकलं. कार्ड पोचलं, आमच्या मागून बरंच उशिरा.

लांगझ्यात बायकोला एका दगडात शाळिग्राम दिसला. खरंच होता. हे सगळं खोरं कधी काळी टेथिस समुद्राच्या तळाशी होतं, त्यातले शंखासारखे जीव दगड होऊन राहिले. देवघरातला गंडकीचा शाळिग्राम त्याच जातीचा. पोरं विकायला आणतात. ड्रायव्हर स्पष्ट म्हणाला, घेऊ नका, डोंगरात राहू द्या. समोर चाऊ चाऊ कांग निल्दा, ६,३०३ मीटर, संध्याकाळी तास-दीड तास त्याच्याकडे बघत बसलो.

शिखरांचं निघालंच आहे तर एक सांगतो. याच भागात शिल्ला नावाचं शिखर आहे. १८६० साली सर्व्हे ऑफ इंडियाचा एक खलाशी, म्हणजे मोजणीवाल्यांचा हरकाम्या मदतनीस, मोजणीचा खांब घेऊन त्याच्या माथ्यावर चढला. तेव्हा त्याची उंची सात हजार मीटरच्या वर समजत, त्यामुळे जगातली सर्वांत उंच चढाई म्हणून ती कित्येक वर्षं धरली गेली. नंतर मोजलं तर ६,१०० च्या आसपास भरलं. विक्रम गेला, पण खांब खांद्यावर घेऊन तो माणूस वर गेला होता हे तर खरंच. नाव कुणाला ठाऊक नाही. वर्ग चारचा कर्मचारी, दुसरं काय.

लांगझ्याचा आमचा मुक्काम झाला नाही. संध्याकाळी साडूंचं डोकं दुखायला लागलं, जेवण नको म्हणाले, दोन उलट्या झाल्या. मेव्हणी म्हणाली, गोळी घेऊन झोपतील. घरमालकीण बिछाने घालायला लागली होती. उंची लागलीय का ते बघायला ड्रायव्हरने साडूंना खोलीत सरळ रेषेत चालायला लावलं, दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाला, "आंटीजी, यहाँ नहीं सोएँगे. अभी नीचे." अंधारात गाडी न चालवणारा माणूस त्या रात्री दिवे लावून काझ्यापर्यंत उतरला, गोगलगायीच्या वेगाने, आणि साडूंना दवाखान्यात दाखवून मगच जेवला. सातशे मीटर खाली आल्यावर पहाटेपर्यंत साडू माणसांत आले. लांगझ्याच्या घरी आम्ही पैसे द्यायला तयार होतो, त्यांनी घेतले नाहीत. रात्रीच्या फेरीचे ड्रायव्हरनेही मागितले नाहीत. दिले.

यासाठीच मी चार गुण देतोय. उंचीवर 'नाही' म्हणणारा ड्रायव्हर हवा. गिऱ्हाईक नाराज होईल, मुक्काम बुडेल, याचा हिशोब न करता.

आता कापलेला गुण. एक : काझ्याहून पिओपर्यंत गाडी रिकामी आली, त्या फेरीचे पैसे शेवटच्या दिवशी हिशोबात दिसले. आम्ही एसटीत त्याला डेड किलोमीटर म्हणतो, ते कुणीतरी भरायचंच असतं, मला मान्य आहे. पण आधी सांगायला हवं होतं. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान मिळालं. दोन : टपावरचं सामान झाकायला दिलेली ताडपत्री फाटकी. मनालीच्या वाटेवरचं ग्राम्फू गाठेपर्यंत बॅगांच्या आतल्या कपड्यांतसुद्धा पीठ पडावं तशी धूळ. तीन : कुंझुमजवळच्या चंद्रताल तळ्याचा तंबू. तळ्याकाठी तंबू लावायला बंदी आहे आणि ते योग्यच, ते रामसर यादीतलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं, पाणथळ आहे. तंबू काही किलोमीटर अलीकडे लागतात. पण भावांनी ठरवलेल्या तंबूत रजया ओल्या, जेवण थंड, आणि एका रात्रीचे पैसे मुदच्या दोन रात्रींपेक्षा जास्त. तक्रार केली तर थोरला फोनवर म्हणाला, वो अपना नहीं है. पैसे मात्र तुमच्याच हिशोबात घेतलेत की. पुढच्या वेळी तळं दिवसा बघेन आणि मुक्कामाला थेट मनालीकडे उतरेन.

कुंझुमवर गाड्या देवीच्या देवळाला प्रदक्षिणा घालून मग पुढे जातात, आमचीही गेली. तिथून बातल आणि चंद्रा नदीच्या कडेने ग्राम्फूपर्यंत जो आहे त्याला रस्ता म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. कमरेचा पट्टा असेल तर बांधा. त्यानंतर नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यात गाडी शिरली, चाकांचा आवाज बंद झाला आणि साडू घोरायला लागले.

ही सेवा कुणी घेऊ नये तेही सांगतो. हातात चार दिवसांची रजा असेल तर नको, हे लोक घाई करणार नाहीत आणि तुम्ही चिडाल. रोज शॉवर हवा असेल, तर काझ्यात हॉटेलात राहा आणि नुसती गाडी घ्या. कुंझुम साधारण जून ते ऑक्टोबर उघडी असते, पण दरवर्षी पुढेमागे होतं, म्हणून परतीचं विमान मनालीच्या भरवशावर दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. अर्ध्यापेक्षा जास्त ॲडव्हान्स देऊ नका. आणि रिकाम्या फेरीचे पैसे कोण देणार, चंद्रतालला तंबू कुणाचा, या दोन गोष्टी निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.